सदतिसाव्या पानावरची खूण

मुलीने यादी पाठवली तेव्हा मी भेंडी चिरत होते. हात पुसून फोन बघितला तर पानंच्या पानं इंग्रजी नावं. खाली तिचा आवाज भरलेला: "आई, बाबा ज्याच्याबद्दल नेहमी सांगायचे तो विज्ञानकादंबऱ्यांचा पुरस्कार आहे ना, त्यात आजवर ज्यांची ज्यांची नावं आली त्या सगळ्या कादंबऱ्या आहेत बघ, वर्षवार. बाबांना विचार, यातल्या कुठल्या कुठल्या वाचल्यात. डॉक्टर म्हणालेत ना, जुन्या आवडीत गुंतवून ठेवा." मुलगी बंगलोरला असते. तिथून गुंतवा म्हणायला काय जातं. गुंतवायचं मला होतं.

इथे भोपाळला, अवधपुरीत, आमच्या चौकात एक फोटोकॉपीवाला आहे, त्याच्याकडून यादी छापून आणली. त्याने पानं जुळवता जुळवता विचारलं, "आंटी, ये क्या है, बीमे के काग़ज़?" मी म्हटलं, "नहीं भैया, अंकल की परीक्षा है." मी आपलं गमतीने म्हटलं होतं.

आधी माझं सांगून टाकते. या यादीतली एकही कादंबरी मी वाचलेली नाही. माझं शिक्षण उज्जैनचं. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि इंग्रजी फक्त पास होण्यापुरती. पण यादीतल्या पुष्कळ कादंबऱ्या मला येतात. येतात म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगता येतात. कारण आमच्या यांनी जे जे पुस्तक वाचलं ते मला सांगितलं, एकही सोडलं नाही. मला ऐकायची हौस होती असं नाही हं. यांना सांगितल्याशिवाय ते वाचल्यासारखं वाटायचं नाही, आणि घरात ऐकणारी मी एकटी.

हे मूळचे पुण्याकडचे, इथल्या मोठ्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून भोपाळला आले. तपासणी विभागात होते. तयार झालेले यंत्रांचे भाग मोजून, बोट फिरवून बघायचे आणि बरोबर असला की त्यावर लाल पेन्सिलीने खूण करायची. साहेबांनी कितीही घाई केली तरी न तपासता खूण नाही. "खूण म्हणजे माझी सही," म्हणायचे. या हट्टापायी यांची एक बढतीसुद्धा लांबली, पण त्याचं यांना काही नाही. मलाच होतं.

पहिली पाळी असली की दुपारी तीन-साडेतीनला घरी यायचे. मी संध्याकाळची सब्जी निवडत बसलेली असायची. 'सब्जी' म्हटलं की "भाजी म्हण, भाजी" असं मला सुधरवायचे, मग चहा घेऊन समोर मोढ्यावर, त्या वेताच्या बुटक्या बैठकीवर, बसायचे आणि आकाशात जायचे. एका लघुग्रहावर वजनकाट्यापाशी कामाला बसलेली बाई. तिथे कशालाच वजन नाही, तरी सरकारने काटा बसवलाय म्हणून ती रोज शून्य लिहिते, आणि एक दिवस काटा हलतो. मी मेथीची जुडी हातात धरून तशीच. किंवा ते जहाज, जे इतकं लांब चाललंय की निघणारे वाटेतच मरणार, त्यांची मुलं, नातवंडंही वाटेतच जन्मणार नि मरणार, आणि पोचणार कोणी भलतेच. मी विचारलं, "मग मधल्यांनी काय करायचं?" हे म्हणाले, "डाळ-भात करायचा, खायचा, मुलांना वाढवायचं." मला इतका राग आला होता. म्हटलं, "म्हणजे आमच्यासारखंच. मग त्यासाठी आकाशात कशाला जायचं?" हे हसले आणि म्हणाले की बाई, पुरस्कार देणाऱ्यांना तुझ्याइतकं कळतं तर काय हवं होतं.

आता खुणेचं. कारखान्याच्या वसाहतीतल्या मराठी मंडळात एक कपाट होतं पुस्तकांचं. आम्ही बायका त्यातली पुस्तकं फिरवायचो, आणि आपण हे आधी वाचलंय का ते लक्षात राहावं म्हणून प्रत्येकीची एक गुपचूप खूण असायची. कोणी अमुक पानावर टिकलीएवढा ठिपका द्यायची, कोणी नखाने फुली ओढायची. माझी होती एकविसाव्या पानावर पेन्सिलीची बारीक रेघ. यांना आधी हसू आलं, "बायकांचे उद्योग" वगैरे बोलून झालं, आणि मग गुपचूप स्वतःच सुरू केलं. अशोका गार्डन भागातला एक रद्दीवाला यांच्यासाठी इंग्रजी कादंबऱ्या बाजूला ठेवायचा. वाचून झाली की परत द्यायची, दुसरी न्यायची. दोन-चार वर्षांनी तेच पुस्तक कव्हर फाटून पुन्हा यायचं. तेव्हा हे दुकानातच सदतिसावं पान उघडायचे. आमच्या पहिल्या क्वार्टरचा नंबर सदतीस. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात छोटासा त्रिकोण असला, की वाचलेलं. त्यातली जी मनापासून आवडली ती मात्र पुढे घरातच राहिली.

निवृत्तीनंतर पाच-सहा वर्षं बरी गेली. मग चहा घेऊन झाल्यावर "आज चहा नाही का?" असं सुरू झालं. मी चिडायची. खरंच सांगते, खूप चिडायची, कारण मला वाटायचं लक्ष नाही यांचं. एकदा दूध आणायला गेले आणि पलीकडच्या कॉलनीतून एका मुलीने हात धरून आणलं. तेव्हा माझी चिडचिड कुठल्या कुठे गेली आणि त्या जागी जे आलं ते अजून आहे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. औषधाने वेग थोडा कमी होईल म्हणाले, उलट फिरणार नाही. हे शांतपणे ऐकत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पुस्तकं आधी जाणार बघ."

तर ती यादी. थंडीचे दिवस होते, आम्ही दोघं सकाळी उन्हात गच्चीवर बसायला लागलो. यांच्या हातात लाल पेन्सिल, मांडीवर पानं. मी अडखळत एकेक नाव वाचायची. आठवलं तर टिक. नाही आठवलं तर खाली जाऊन आमच्या कपाटात असलं तर पुस्तक आणायचं, सदतिसावं पान बघायचं. त्रिकोण असला तरी हे लगेच टिक करायचे नाहीत. "काय होतं यात?" मला विचारायचे. मी म्हणायची, "अहो, ती वजनकाट्यावाली." अर्धी गोष्ट सांगेपर्यंत यांचा चेहरा उजळायचा आणि उरलेली अर्धी हे मला सांगायचे. मग टिक. कधी कधी शेवटाला माझी चूक काढायचे. असं महिनाभर चाललं. मी मुलीला फोनवर सांगितलं की तुझी यादी कामाची निघाली गं. त्या महिन्यात मी वाईट काही मनात आणलं नाही.

कित्येक पुस्तकं यांनी वाचलेलीच नव्हती, त्याचं यांना वाईट वाटलं नाही. "मिळाली नाहीत," म्हणायचे, बस. पण एका वर्षापाशी अडले. आम्ही भोपाळला आलो ते वर्ष. त्या वर्षाच्या बाकी सगळ्या कादंबऱ्यांवर टिक झाली आणि एक राहिली. ती यांनी फार शोधली होती पूर्वी. गंमत अशी की ती घरात होती. दोन वर्षांपूर्वी रद्दीवाल्याने आठवणीने काढून ठेवली होती, पण तोवर यांचं वाचणं बिघडलं होतं. सदतिसावं पान कोरं.

"ही वाचतो," हे म्हणाले. "ही एक झाली की मी मोकळा."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायला बसले. पहिल्या पानापासून. दहा-बारा पानं झाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून. मी म्हटलं, "अहो, काल बाराव्यापर्यंत आला होतात." हे म्हणाले, "काल? काल कुठे वाचलं मी?" मी पानात दोरा घालून ठेवला. हे दोरा बघून म्हणायचे की कोणीतरी दुसरं वाचतंय, त्याचा आहे, आणि जपून बाजूला ठेवायचे. पुन्हा पहिलं पान. रोज सकाळी ताजं पुस्तक, रोज तोच उत्साह, आणि दुपारी जेवायच्या वेळी मात्र काहीतरी कळायचं यांना. चेहराच पडायचा. एक दिवस पुस्तक मिटून म्हणाले, "मी हे आधी सुरू केलंय ना गं? कितीदा?" मी म्हटलं, दोनदा. खरं म्हणजे तोवर पंधरा-वीसदा तरी झालं असेल. यांनी माझ्याकडे बघितलं आणि रडले. लग्नानंतर मी यांना दुसऱ्यांदा रडताना बघत होते. पहिल्यांदा सासूबाई गेल्या तेव्हा.

मला ते सहन झालं नाही. इतकं साधं आहे कारण. दुसऱ्या दिवशी हे न्हाव्याकडे गेले होते, शेजारचे घेऊन गेले होते, आणि मी पुस्तक घेतलं, सदतिसावं पान काढलं आणि खालच्या कोपऱ्यात त्रिकोण काढला. पस्तीस-चाळीस वर्षं बघितलेली खूण. उजवीकडची रेघ जराशी लांब, टोक डावीकडे झुकलेलं. हुबेहूब आली. मला वाटलं, झालं. आता यांची सुटका.

हे केस कापून आले, आंघोळ केली, बसले. पुस्तक हातात घेतलं, सवयीने सदतिसावं पान उघडलं. थांबले. यादी मागवली आणि त्या एका राहिलेल्या नावापुढे लाल टिक केली. "वाचलंय की," म्हणाले. मी शिरा केला त्या दिवशी, बेदाणे घालून. काय बाई म्हणावं मला.

चार दिवस पुस्तक कपाटात होतं. पाचव्या दिवशी यांनी काढलं आणि नुसतं मांडीवर घेऊन बसले. मी विचारलं काय झालं. म्हणाले, "यातलं मला काहीच आठवत नाही."

"नाही आठवत तर नाही आठवत."

"तसं नाही. बाकीच्यांचं तू सांगितलंस की थोडं थोडं येतं. हे कोरं आहे. पूर्ण कोरं. खूण माझी, आणि आत काहीच नाही." मग माझ्याकडे वळून अगदी भरवशाने म्हणाले, "सांग ना तू. मी वाचलं म्हणजे तुला सांगितलं असणारच."

याचा विचारच केला नव्हता मी. सगळ्या आकाशातल्या गोष्टी माझ्यापाशी होत्या आणि हीच नव्हती. मी म्हटलं, "मला नाही आठवत." त्यावर यांचा चेहरा झाला तो मी विसरणार नाही. विसरायची सोय असती तर मीच आधी विसरले असते. यांची भिस्त माझ्यावर होती ना. आपल्याकडचं गेलं तरी हिच्याकडे आहे, असं धरून चालले होते. आता यांना वाटलं, तिथलंही गेलं.

यांचं न आठवणं बरोबर होतं. वाचलंच नव्हतं, तर आठवणार काय? यांच्या डोक्याने तेवढं एक खरं धरून ठेवलं होतं, आणि मी खूण करून तेच खोटं पाडलं. त्या दिवसापासून यांनी वाचायला घेणंच सोडलं. आधी निदान रोज दहा पानं तरी व्हायची. "वाचून काय उपयोग, राहत तर नाही काही," म्हणायचे, आणि हात मांडीवर घेऊन बसून राहायचे.

दोन दिवस मी तळमळत काढले आणि मग सांगून टाकलं. समोर बसून, हात धरून. "अहो, तो त्रिकोण मी काढलाय. तुम्ही हे पुस्तक वाचलेलंच नाही. म्हणून आठवत नाही. तुमचं काही गेलेलं नाही."

यांनी भिंग आणायला सांगितलं. पान उन्हात धरून बघितलं, बोट फिरवलं. मग पुस्तक मिटून शांतपणे म्हणाले, "माझीच आहे. उजवी रेघ बघ की."

"मी तशीच काढली."

"माझ्या समाधानासाठी खोटं बोलू नकोस. न वाचता मी खूण करत नाही, तुला माहीत आहे."

आता काय करावं माणसाने? मी वही आणली, म्हटलं बघा, तुमच्यासमोर काढून दाखवते. यांच्या नजरेखाली तो काही केल्या जमेना, त्रिकोणाची तिन्ही टोकं तीन दिशांना. हे हसले. किती दिवसांनी हसले, आणि कशावर हसले. "नाही जमत तुला," म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थोपटलं. मला समजावत होते हे.

खूण खोडायचाही प्रयत्न केला मी. रबराने पान मळलं. यांनी दुसऱ्या दिवशी बोट फिरवून खाच ओळखली आणि घाबरले, की घरात कोणीतरी येऊन माझ्या खुणा पुसतंय. सगळी पुस्तकं काढून एकेकाचं सदतिसावं पान तपासत बसले. शेवटी मीच तो त्रिकोण पुन्हा ठसठशीत करून ठेवला. म्हणजे तेच खोटं मी दोनदा केलं.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू मुद्दाम नाही ना केलंस." मुद्दामच केलं होतं की. चांगल्यासाठी मुद्दाम.

मग एकच उपाय सुचला. यांना ती गोष्ट हवी होती ना, तर ती मिळवायची. मुलगी म्हणाली नेटवर सारांश मिळेल, पाठवते. तो पाठवलेला मी वाचून दाखवला, पण हे म्हणाले की ही तर जाहिरात झाली, गोष्ट कुठे आहे? बरोबर होतं. वजनकाट्यावरची बाई सारांशात मावली नसती. म्हणून मुलीचा शाळेतला शब्दकोश काढला आणि या वयात मी स्वतः ते पुस्तक वाचायला बसले. सकाळी, गच्चीवर, यांच्या शेजारी. एका ओळीत तीन शब्द अडायचे. त्यातले काही शब्दकोशातही नसायचे, लेखकाने आपल्या मनानेच केलेले. यांना विचारावं तर कधी झटकन सांगायचे आणि कधी माझ्याकडेच बघत राहायचे. दिवसाला अर्धं पान, फार तर एक. चारशेच्या वर पानं आहेत. मी हिशेब करत नाही.

पण जेवढं कळायचं तेवढं दुपारी यांना सांगायची. आता मोढ्यावर मी आणि समोर हे. एक बेट आहे, तिथे दुसऱ्या ग्रहावरचे काही लोक उतरलेत आणि त्यांना परत जायचं नाही. बेटावरच्या शाळेची मास्तरीण त्यांना आपली भाषा शिकवतेय. हे ऐकायचे. "पुढे?" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्यापासून सांगून त्यात नवं अर्धं पान जोडायची. मला वाटायला लागलं होतं की जमतंय. संपेल तेव्हा संपेल, पण गोष्ट माझ्यापाशी तरी येईल, आणि यांनी विचारलं की मला सांगता येईल.

मागच्या आठवड्यात मी सदतिसाव्या पानावर आले. खरंच सांगते, इतकी रमले होते की माझ्या ध्यानातच राहिलं नाही. ती मास्तरीण वर्ग सोडून समुद्राकडे निघाली होती आणि मला पुढचं बघायचं होतं. हे शेजारून वाकले. त्रिकोणावर बोट ठेवलं.

"अगं, हे मी वाचलेलं आहे."

मी ओळीवरचं बोट तसंच ठेवलं.

"मग तू कशाला डोळे फोडतेस शब्दकोशात? मी सांगतो की तुला." पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, मिटलं, बाजूला ठेवलं. किती दिवसांनी त्या आवाजात बोलत होते, पहिल्या पाळीहून आल्यासारखे. "तू आपलं काम घे हातात. रिकाम्या हाताने तुला ऐकायची सवय नाही."

मी खाली जाऊन मटार घेऊन आले. शेरभर असतील. समोर बसले. यांनी चष्मा काढला, घसा साफ केला, आणि आकाशाकडे बघितलं, पूर्वी बघायचे तसंच.

"तर," म्हणाले.

मी सोलत राहिले. हे आठवत होते. तोंड उघडायचे, पुन्हा मिटायचे. हाताने मला थांब म्हणून खूण केली, जसं काही मीच घाई करतेय. मी म्हटलं, "सांगा सावकाश. मला कुठे जायचंय." खालून भाजीवाला ओरडत गेला. ऊन यांच्या पायांवरून माझ्या ताटलीवर आलं. हे अजून पहिल्या वाक्यावर होते.

मटार संपले. यांना ते दिसू नये म्हणून मी सोललेल्या टरफलांतलं एक उचललं, आणि पुन्हा सोलायला लागले.